फियाटची पावणी

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मोटारगाड्यांतले मला काडीचेही कळत नाही. मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीतला कारकून. जाण्यायेण्याला कदंबची बस आणि घरी एक म्हातारी स्कूटर. तरीही आज लिहितोय ते जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन लिलावाविषयी, आणि तेही मत ठोकून देण्याच्या आविर्भावात. कारण सुरतेत पंधरा दिवसांत जे पाहिले, ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

मामाच्या वर्षश्राद्धासाठी अर्जित रजा टाकली आणि मडगावहून हापा एक्सप्रेसने सुरत गाठली. मामा मूळचा फोंड्याकडचा. १९७९ साली एका कापड गिरणीत हिशेबनीस म्हणून सुरतेला गेला आणि तिथलाच झाला. जाताना त्याने इथून जे नेले त्यात दोन वस्तू महत्त्वाच्या. एक आमची मामी आणि दुसरी १९६८ ची फियाट. 'अकराशे डिलाइट'. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, जिची पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली, ती. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, पुढची सीट बाकासारखी अखंड. मामाने ती मडगावात सेकंडहँड घेतली होती. सुरतेला गेल्यावर रीतसर गुजरातचा नंबर घेतला, पण गोवा, दमण आणि दीव एकत्र असतानाची 'जीडीए'ची जुनी पाटी काही टाकवली नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ती डिकीत ठेवलेली असे. लहानपणी सुट्टीत गेलो की ते फडके सोडून दाखवायचा. देव्हाऱ्यातला टाक दाखवावा तसा!

श्राद्ध आटोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोचो खात बसलो असता मामेभाऊ म्हणाला, "दादा, गाडी काढायची आहे. बिल्डिंग पाडून नवी होणार. दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात. गाडी ठेवणार कुठे?"

मी मामीकडे पाहिले. ती म्हणाली, "काढा रे. उभी राहून सडण्यापेक्षा कोणीतरी चालवू दे."

अडाजणच्या त्या इमारतीत आता सगळ्यांच्या गाड्या नव्या, लांबरुंद. त्यांच्यात कोपऱ्यात ती फिकट निळी फियाट, लग्नात आलेल्या गरीब नातेवाइकासारखी. भाऊ म्हणाला, भंगारवाल्याला द्यायची नाही, ऑनलाइन लिलावाला लावायची. हल्ली जुन्या गाड्यांना मागणी आहे. ते खरेच. मुंबईच्या एका लिलावगृहाने, अ‍ॅस्टागुरूने, नोव्हेंबर २०२० मध्ये केवळ जुन्या अभिजात गाड्यांचा ऑनलाइन लिलाव केला, त्यात दहा गाड्या होत्या. तिथे रोल्स रॉइस असतात, आमच्या फियाटला कोण विचारतो? पण तिच्यासारख्यांसाठीही आता जागा आहेत. फोटो चढवा, माहिती लिहा, सात दिवस बोली चालते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाली, तेव्हापासून लोकांचे प्रेम जरा जास्तच उतू चालले आहे, असे भावाचे म्हणणे.

"माहिती तू सांग. तू बी.ए. झालेला. मी इंग्रजी करतो," असे म्हणून त्याने लॅपटॉप पुढे ओढला.

आता कारकुनाला लिहायला सांगणे म्हणजे काय होते पाहा. आमच्या कचेरीत 'स्थिती समाधानकारक' हा एक शेरा आहे. गळणारे छप्पर असो, मोडके कपाट असो, 'स्थिती समाधानकारक' लिहिले की फाईल पुढे सरकते. मी तसेच लिहिले. 'एकाच कुटुंबाने पंचेचाळीसहून जास्त वर्षे जिव्हाळ्याने सांभाळलेली. इंजिन मूळचे. चालू अवस्थेत. एकूण स्थिती उत्तम.' वाचून मलाच बरे वाटले.

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. फक्त एक गोष्ट लिहिली नव्हती. ही गाडी बुडाली होती.

ऑगस्ट २००६. उकाई धरणातून पाणी सोडले आणि तापीने सुरतेचा बहुतेक भाग पोटात घेतला. अडाजण, रांदेर ही पलीकडच्या काठाची वस्ती तर फारच बुडाली. मामाची फियाट तीन दिवस पाण्यात होती, पार डॅशबोर्डापर्यंत. ओसरल्यावर दारे उघडली तर आत चिखल आणि मेलेले मासे. मामाने वर्षभर खपून ती उभी केली. इंजिन खोलले, वायरिंग नवे घातले, सीट पुन्हा भरून घेतल्या. पण बुडालेली गाडी ती बुडालेली गाडी. पत्र्याच्या सांध्यांत शिरलेला चिखल कोण काढणार? आतून गंज चालूच राहतो. शिवाय मध्यंतरी मामाने सीएनजीची टाकी बसवली आणि पुढे काढली. तिची भोके डिकीच्या तळाला आहेत, वर रबराची चटई आहे.

"पुराचे लिहायचे?" मी विचारले.

"वीस वर्षे होत आली त्याला. विचारले तर सांगू," भाऊ म्हणाला.

मी 'बरे' म्हटले. हे लक्षात ठेवा. मी 'बरे' म्हटले.

संध्याकाळी समोरच्या ब्लॉकमधले काका आले. मामाचे जुने स्नेही, आयुष्यभर हिऱ्यांची दलाली केलेले. महिधरपुऱ्याचा हिरेबाजार ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, तिथे दुकान असे नाहीच. गल्लीत स्कूटरींवर टेकून, ओट्यावर बसून माणसे खिशातून कागदाच्या पुड्या काढतात, भिंगातून बघतात आणि पुन्हा खिशात घालतात. पुड्यांत लाखोंचा माल. २०२३ च्या डिसेंबरात शहराबाहेर हिऱ्यांच्या व्यापारासाठी अवाढव्य इमारत उघडली, तरी त्या गल्लीची रीत काकांच्या बोलण्यातून काही जात नाही.

काकांना आम्ही जाहिरात वाचून दाखवली. त्यांनी विचारले, "जांगड कसा देणार?"

जांगड हा शब्द मला माहीत होता, पण पुस्तकातला. मोल्सवर्थच्या कोशात तो आहे. आपण दुकानातून माल नेतो, पैसे देत नाही, पसंत पडला तर ठेवतो, नाही तर परत करतो, तो जांगड माल. हिऱ्यांच्या धंद्यात हे अजून जिवंत आहे. व्यापारी दलालाच्या हाती पुडी देतो, एक चिठ्ठी लिहितो, बस्स. दलाल ती गिऱ्हाइकाकडे नेतो. गिऱ्हाईक आपल्या जागेवर, आपल्या उजेडात, आपल्या भिंगाने बघतो. मग भाव. पटले नाही तर पुडी जशीच्या तशी मागे. त्या मधल्या काळात मालकाचा माल दुसऱ्याच्या खिशात असतो आणि तरी मालक रात्री झोपतो.

काका मोडक्या मराठीत म्हणाले, "इथे माल गिऱ्हाइकाच्या हातात जाणार नाही. तो कोचीनला बसला, गाडी इथे. मग त्याचं भिंग कोण? तुम्हीच. तुमचा लिखेला कागद हाच त्याचा भिंग. त्याला तडा दाखवायचा नाही, तर मग धंदा नाही, चोरी आहे."

रागाने नव्हे, अगदी सहज बोलले ते. चहा संपवला आणि गेले.

सरकारी माणसाचा बचाव तयार असतो. मी म्हणालो, आमच्याकडे निर्लेखित वाहनांचा लिलाव 'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर होतो. आम्ही कुठे दोष सांगतो? पण रात्री पडल्या पडल्या विचार केला तेव्हा त्यातली खोट कळली. आमची जाहिरात निघते तेव्हा तिच्यात पाहणीचे दिवस आणि वेळ दिलेली असते. आवारात या, बोनेट उघडा, खाली वाकून बघा, मग बोली लावा. बँक घोटाळ्यातला आरोपी, हिरेव्यापारी नीरव मोदी याच्या जप्त गाड्या एप्रिल २०१९ मध्ये एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन लिलावात काढल्या, तेव्हाही आधी पाहणीचे दिवस दिले होते. 'जसे आहे' म्हणण्याचा हक्क, 'येऊन पाहा' म्हणणाऱ्यालाच. डोळ्यांआड असलेल्या माणसाला 'जसे आहे' म्हणून गाडी विकणे ही अट नव्हे, आडोसा आहे.

सकाळी उठून मी मजकूर पुन्हा लिहिला. टिपणी लिहितात तशी, अनुक्रमांक घालून. एक, ऑगस्ट २००६ च्या पुरात तीन दिवस पाण्यात. दोन, चालकाच्या बाजूच्या दाराखालचा पत्रा दोनदा जोडलेला. तीन, डिकीच्या तळाला सीएनजीच्या टाकीची भोके. चार, तापमानाचा काटा मेलेला. असे करत अकरा दोष झाले. प्रत्येकाचा फोटो. चटई काढून भोकांचाही. भाऊ वैतागला. "दादा, तू गाडी विकतोस की तक्रार अर्ज करतोस?" पण त्याने चढवले सगळे. मामीच्या कानावर काकांचे बोलणे गेले होते, त्यामुळे त्याचा नाइलाज होता.

आता लिलावाच्या रीतीविषयी थोडे. जे कळले ते सांगतो. जाणकारांनी दुरुस्त करावे.

पहिली गोष्ट म्हणजे कमाल बोली. तुम्ही यंत्राला सांगता, मी तीन लाखांपर्यंत जाईन. यंत्र लगेच तीन लाख लावत नाही. दुसऱ्याच्या बोलीच्या एक पायरी वर तुम्हाला ठेवत जाते. म्हणजे जिंकलात तर तुम्ही देता ते तुमच्या मनातले तीन लाख नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची बोली अधिक एक पायरी. यामागचे तत्त्व विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडले आणि १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, दुसऱ्याच्या किमतीला वस्तू मिळणार असेल तर आपली खरी किंमत सांगण्यातच शहाणपण आहे. लपवाछपवी करून हाती काही लागत नाही.

दुसरी, शेवटच्या सेकंदाची बोली. ठरलेल्या वेळी लिलाव बंद होत असेल तर लोक टपून बसतात आणि शेवटच्या क्षणी बटण दाबतात. ईबेवर हे फार चाले. रॉथ आणि ओकेनफेल्स या दोघांनी २००२ साली ईबे आणि त्या वेळचे अ‍ॅमेझॉनचे लिलाव यांची तुलना केली. अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की मुदत दहा मिनिटांनी वाढे. तिथे टपून बसणारे खूपच कमी आढळले. जुन्या गाड्यांचा अमेरिकेतला प्रसिद्ध लिलाव 'ब्रिंग अ ट्रेलर' इथेही शेवटी बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर येते. यात नवल काय? आपल्या देवळात पावणी करणारा 'एकवार... दोनवार...' म्हणत थांबतो, सभामंडपातून कोणी हात वर केला की पुन्हा पहिल्यापासून. 'तीनवार' म्हणेपर्यंत कोणाचेही दार बंद नाही.

तिसरी, राखीव किंमत. विकणाऱ्याने मनात धरलेला किमान आकडा, जो बोली लावणाऱ्यांना दिसत नाही. तो ठेवण्यात गैर काही नाही. पण ठेवायचा तर झेपेल असा. आम्ही अडीच लाख ठेवला होता.

घेणाऱ्यासाठी माझा सल्ला कारकुनी आहे. बोली लावण्याआधी कागदावर आकडा लिहा आणि तो कागद बायकोकडे द्या. आकड्यात केवळ गाडी धरू नका. लिलाववाल्याचे कमिशन, गाडी ट्रकवर घालून आणण्याचा खर्च, चार टायर, बॅटरी आणि गाडी नावावर करण्याचा खर्च, हे सगळे धरून वजा करा. शक्य असेल तर स्वतः जा, नाहीतर त्या गावातला ओळखीचा मेकॅनिक पाठवा. प्रश्न विचारायचे ते सगळ्यांसमोर विचारा, म्हणजे उत्तराचा फायदा सगळ्यांना होतो. विकणाऱ्याला आडून फोन करून 'लिलाव बंद करा, रोख देतो' म्हणू नका. आम्हाला असे दोन फोन आले. दुसऱ्याच्या गाडीला नावे ठेवून भाव पाडू नका. आणि कागद पाहा! गाडीचे पुस्तक विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना? मालक वारला असेल तर वारसाने तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ चा अर्ज करायचा असतो. मी वर्षभरापूर्वीच फोनवरून भावाच्या मागे लागून ते करून घेतले होते. माझ्या नोकरीचा घराला झालेला तो एकमेव उपयोग.

असो. सातवा दिवस उजाडला. लिलाव रात्री नऊला संपायचा. संध्याकाळी सहाला बोली एक लाख नव्वद हजारांवर अडलेली. भाऊ येरझाऱ्या घालत होता. मग हळूच म्हणाला, "माझा एक मित्र आहे. तो दोन-चार बोली लावेल. भाव वर चढला की थांबेल. सगळे करतात."

मला हे चूक वाटले. पण मी काय केले? मी गप्प बसलो. आमच्या कचेरीत असे अनेकदा होते. चुकीच्या कागदावर सही करायची नसते, पण विरोधाची टिपणीही लिहायची नसते. मग आपण खिडकीबाहेर बघतो. मी तापीच्या दिशेला बघत राहिलो.

मामी देवापाशी वात लावत होती. तिथूनच म्हणाली, "आमकां तसले पयशे नाकात." इतकेच. मागे वळूनही पाहिले नाही.

भावाने फोन खाली ठेवला.

आठनंतर गंमत सुरू झाली. तिघेजण उरले. एक दोन लाख पंचाहत्तर हजारांवर थांबला. मग दोघांतच चढाओढ. घड्याळ चार वेळा मागे गेले. शेवटी तीन लाख बेचाळीस हजार! दुसऱ्या माणसाची शेवटची बोली तीन लाख अठरा हजार. आणि जिंकणारा कोण? गाव होते गोव्यातले! मी उडालोच. गाडी माघारी येणार! मामीचेही डोळे भरले.

मी भावाला मोठ्या ऐटीत सांगितले, आमच्याकडे पावणीची परंपरा आहे, आमच्या माणसाची काळजी नको. खरेच आहे ते. आपल्या गोव्यात लिलाव ही काही इंटरनेटने आणलेली वस्तू नाही. गांवकारीच्या शेतांची पावणी, खाजनातल्या मानशीच्या मासळीची पावणी, जत्रेत देवाला आलेल्या केळींच्या घडांची, नारळांची पावणी. बाजारात पन्नासला मिळणारा नारळ देवळात हजाराला जातो आणि घेणाऱ्याला तो महाग वाटत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे शब्द दिला की दिला. पावणी अंगावर आली आणि पैसे दिले नाहीत, असा माणूस पुढच्या जत्रेला तोंड कसे दाखवील?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज तरुण, आपलीच कोकणी. रात्री जोशात बोली लावली, घरी कोणी तयार नाही, ठेवायला जागाही नाही. खरे तर त्याला ती फोटोतली 'जीडीए'ची पाटी फार आवडली होती. त्याच्या आजोबांकडे तसल्या नंबरची गाडी होती. मग त्याने विचारले, "नुसती पाटी विकत द्याल का?"

मी फोन ठेवला तेव्हा भाऊ माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही, हेच त्याचे उपकार. तिथे अनामत ठेवण्याची अट नव्हती, त्यामुळे त्या पोराचे काहीच गेले नाही. सभामंडप नाही, महाजन नाहीत, ओळखीचे डोळे नाहीत. जी गोष्ट मी आमच्या रक्तात आहे म्हणून मिरवत होतो, ती रक्तात नव्हती, त्या डोळ्यांत होती. डोळे काढून घेतले की आपणही इतरांसारखेच.

मग दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला विचारले. नवसारीचा. शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचा नाद. तो रविवारी आला तो आमची अकरा दोषांची यादी छापूनच. गाडीभोवती फिरत एकेका दोषापुढे पेन्सिलीने खूण करत गेला. बारावा दोष त्यानेच शोधला, मागच्या काचेच्या रबराखालचा गंज. तो यादीत खाली लिहिला, पण त्यावरून भाव पाडला नाही.

मी न राहवून विचारले, "पुराचे वाचूनही बोली लावलीत?"

तो हसला. "सुरतची गाडी, आणि २००६ चे नाव नाही? मग मी पुढे वाचलेच नसते. इथले सगळेच बुडाले होते. तुम्ही लिहिलेत म्हणून बाकीचे दहा खरे धरले."

आता पैशांची गोष्ट. तो म्हणाला, "मी ३,१८,००० म्हटले आहे, तेवढे देईन. पण एक बघा. तो माणूस घेणारच नव्हता. तो नसता तर मी २,८०,००० ला जिंकलो असतो."

मी बोलींची यादी काढून पाहिली. तिसरा माणूस २,७५,००० ला थांबला होता, पायरी पाच हजारांची. मास्तरचे गणित बरोबर होते. वरचे अडतीस हजार त्या पोराने चढवले होते. आदल्या संध्याकाळी भावाचा मित्र जे करणार होता तेच. एकाने ते पैशांसाठी केले असते, दुसऱ्याने हौसेने केले. मधे भरडला जाणार होता तो मास्तरच. पुरता विचार न करता लावलेली बोली ही केवळ विकणाऱ्याला त्रास देत नाही, ती दुसऱ्या प्रामाणिक माणसाच्या खिशात हात घालते. हे मला तोपर्यंत सुचलेच नव्हते.

भावाचे म्हणणे, शब्द तो शब्द, ३,१८,००० घ्या. माझे म्हणणे, २,८०,०००. मामीने दोघांचे ऐकले आणि तीन लाख म्हणाली. मास्तरने मान डोलावली. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या, प्रती मी स्वतः तपासल्या. मास्तर आता ती नव्या नियमांत बसवणार आहे. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी त्यात नोंदवता येते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठी बाहेर काढता येते, रोजच्या कामाला नाही. डिकीची भोके बुजवली की बसेल, असे तो म्हणाला.

भावाला अजून वाटते की आम्ही बेचाळीस हजार घालवले. परवा फोनवर पुन्हा म्हणाला, पुराचे लिहिले नसते तर आणखी चारजण आले असते. आले असते, हे मी नाकारत नाही. त्यातला एखादा साडेतीन लाख देऊन गेलाही असता, आणि पहिल्या पावसात त्याच्या गाडीच्या तळातून तापीचा चिखल बाहेर आला असता. तेव्हा मामाचे नाव निघाले असते. त्या नावाची राखीव किंमत किती ठेवायची, हे मला कोणी सांगितले नव्हते.

आपल्याकडे आता अनेक घरांत अशा गाड्या आहेत. म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही पडवीत बघा. ताडपत्रीखाली एखादी अ‍ॅम्बेसेडर, फियाट, पोर्तुगीज काळातली एखादी मर्सिडीज किंवा ऑपेल. मुले परदेशी, म्हातारे थकलेले. आज ना उद्या त्या ऑनलाइन जाणार. विकणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की ताडपत्री काढाल तशी चटईही काढा. आणि घेणाऱ्या माझ्या गोंयकार भावांनो, रात्री अकराला आजोबांची आठवण दाटून आली तर खुशाल रडा, पण बटण दाबण्याआधी सकाळपर्यंत थांबा. आणि दाबलेत, तर ते देवळात हात वर केल्यासारखे समजा.

जीडीएची पाटी? ती गाडीबरोबरच गेली. मास्तर नको म्हणत होता, ही तुमची आठवण आहे, ठेवा. मामीने फडके उलगडले, पाटी पदराने पुसली, पुन्हा गुंडाळली आणि डिकीत ठेवून झाकण लावले. म्हणाली, "तिची ती तिच्याकडेच असू दे."

गाडी गल्लीच्या वळणावर गेली तेव्हा काका गॅलरीत उभे होते. त्यांनी वरून विचारले, "जांगड परत तर नाही येणार ना?"

अजून तरी आलेली नाही.